दोन गुणांचा प्रश्न

आण्णा,

तुमच्या लेकाला चार गुण पडले होते. शाळेत असताना एवढेच पडले असते तर तुम्ही त्याला दुसऱ्या दिवसापासून खव्याच्या भट्टीवर लाकडं फोडायला बसवलं असतं. पण आमच्या या फॉर्ममध्ये उलटं असतं, जितके गुण कमी तितका माणूस बरा. चारापर्यंत ठीक समजायचं, चाराच्या वर गेला की त्याला तपासणीला आधी पाठवायचं. तुमच्या वेळी असलं काही नव्हतं म्हणून सविस्तर सांगते. आता तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा असा फॉर्म भरतात. गावातली आशाताई घरोघर जाते, वय विचारते, तंबाखू-बिडी विचारते, दारू विचारते, टेप लावून कंबर मोजते, अंगाला मेहनत किती ते विचारते आणि शेवटी विचारते की आई-बाप, बहीण-भावंडं यांच्यात कुणाला बीपी, साखर किंवा हृदयाचा आजार आहे का, होता का. या शेवटच्या प्रश्नाला 'हो' म्हटलं की दोन गुण, 'नाही' म्हटलं की शून्य. माझं काम म्हणजे आपल्या वाशी तालुक्यातल्या वीसेक आशाताईंनी भरून आणलेले फॉर्म तपासायचे, चुका काढायच्या आणि चूक सापडली की तोंड वाजवायचं. तोंड वाजवण्यात मी तुमच्यावर गेलेय असं आई म्हणते.

मार्च महिना होता. आरोग्य केंद्राच्या मागच्या खोलीत मी गठ्ठा सोडून बसले होते आणि आपल्या गावचे फॉर्म हातात आले. त्यात तुमच्या लेकाचा. वय चव्वेचाळीस, दोन गुण. तंबाखू आधी खायचा, आता सोडली, एक गुण. दारू नाही. कंबर चौऱ्याण्णव सेंटिमीटर, एक गुण. दिवसभर खवा चाखणाऱ्याचं पोट सुटणारच. मेहनत भरपूर. घरात कुणाला हृदयाचा आजार? नाही. एकूण चार. अक्षर सुरेख, बेरीज बरोबर, चूक काही दिसेना. मी खाली सही ठोकली आणि पुढचा फॉर्म ओढला. अशीच सही मी त्याच्या मागच्या वेळच्या फॉर्मवरही ठोकली होती. एवढंच कशाला, प्रशिक्षणात सगळ्यांसमोर नमुना म्हणून मी माझा स्वतःचा फॉर्म भरून दाखवला, त्यातही त्या प्रश्नापुढे 'नाही' लिहिलं आणि हात जरासुद्धा अडखळला नाही. एखादी गोष्ट तीस वर्षं म्हणत राहिलं की ती म्हणताना काही वाटेनासं होतं.

त्याच दुपारी भावजयीचा फोन आला. ती सहसा फोन करत नाही, केला तरी आधी पाच मिनिटं लेकरांची चौकशी करते. त्या दिवशी ती सरळ मुद्द्यावर आली. "आक्का, ह्यांचं गॅसचं लई वाढलंय. दुधाचा कॅन उचलला की छातीत जळायलंय म्हनत्यात. घटकाभर बसलं की थांबतंय. दिसाला चार-चार पुड्या पाण्यात टाकून प्यायलेत. तुमी जरा बोला, माजं ऐकंनात." मी हो हो म्हटलं आणि फोन ठेवला. आण्णा, उचललं की दुखतं आणि बसलं की थांबतं, याला गॅस म्हणत नाहीत हे मी कितीतरी पोरींना फळ्यावर लिहून शिकवलंय. परीक्षेला यायचं म्हणून घोकून घेतलंय. आणि इथं माझ्या सख्ख्या भावाच्या फॉर्मवरची माझी सही अजून वाळली नव्हती. तो फॉर्म मी गठ्ठ्यातून परत काढला आणि तुमच्या दोन गुणांची रिकामी जागा बघत बसले.

त्या दिवसाबद्दल लिहायलाच हवं. लग्नसराई आहे, खव्याला मागणी आहे, चारही कढया भट्टीवर चढलेल्या आहेत. तुम्ही तिसऱ्या कढईपाशी उभे आहात, बनियन पाठीला चिकटलंय, दूध आटून दाटायला लागलंय आणि आता हात थांबवून चालत नाही, नाहीतर तळाला लागतं. मी शेजारच्या कढईवर आहे, एकोणीस वर्षांची. तुम्ही लांब दांड्याचं उलथनं कढईच्या काठाला टेकवता, नीट टेकवता, पडू देत नाही, आणि खाली बसता. मला वाटतं पाणी प्यायला बसलात. मग बसल्या जागी आडवे होता. तात्याकाका धावत आले, कुणीतरी मोटरसायकलवर वाशीहून डॉक्टरांना घेऊन आलं, पण तोवर काही उरलं नव्हतं. डॉक्टरांनी तुम्हाला तिथंच भट्टीपाशी तपासलं आणि माजघरात येऊन आईला आणि तात्यांना हलक्या आवाजात सांगितलं, "हार्टचा झटका असावा. यांचे वडील कसे गेले? बरं. पोरांवर लक्ष ठेवा पुढं, हे घराण्यात चालतं." मी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. तिसरी कढई कुणी उतरवलीच नाही. जळालेल्या दुधाचा वास घरभर होता आणि तो दोन दिवस गेला नाही.

अंगणात माणसं जमली होती. तात्या बाहेर गेले आणि कुणी विचारायच्या आत म्हणाले, "धग लागली. वरनं ऊन आन पुढनं भट्टी, दोनीकडनं भाजला गडी." कुणी कशाला शंका घेईल? त्या उन्हात उभं राहिलेल्या प्रत्येकाला ते पटलं. आत आईनं माझा दंड धरला. रडून तिचा घसा बसला होता. "धग लागली, एवढंच म्हनायचं. दुसरं काय तोंडातनं काढायचं न्हाय. तुजं अजून व्हायचंय." माझं व्हायचं होतं म्हणजे लग्न. पंधरा दिवसांपूर्वीच मला बघून गेले होते आणि त्यांचा निरोप यायचा होता. आज्जा पन्नाशीतच रानात निजल्या जागी गेला होता, त्याला लोक पुण्यवान म्हणत होते. पण आज्जा तसा आणि बापही तसा, असं एकदा गावात झालं असतं की मग पुण्य कुणी विचारलं नसतं. आपल्याकडं सोयरीक जुळवताना आधी विचारतात ते 'घराण्यात काही नाही ना' आणि मग शेतीचं. त्या 'काही'मध्ये कोड आलं, क्षय आला, वेड आलं आणि त्या दिवसापासून आपल्या घरापुरता हार्टही आला. वर्षाच्या आत उरकायचं म्हणून दिवाळी झाल्यावर त्याच घरी माझं लग्न झालं. आज तात्या नाहीत. ती गोष्ट ठाऊक असलेल्या दोघीच उरलो, आई आणि मी, आणि आम्ही दोघी एकमेकींशीसुद्धा तिच्यावर कधी बोललो नाही.

तुमची बोलणी मी पुष्कळ खाल्ली, बहुतेक विसरलेही, पण एक अजून अंगाला लागून आहे. कॅन कुणाचाही असो, पळीभर दूध आधी आचेवर धरून बघायचं आणि फाटलं तर कॅन परत, असा तुमचा नेम होता. एकदा आपल्याच म्हशींचं दूध होतं, आईनं स्वतः काढलेलं, म्हणून मी न बघता ओतलं आणि अख्खी कढई नासली. तुम्ही हात उगारला नाहीत, आवाजही चढवला नाहीत, आणि तेच जास्त झोंबलं. "घरचं म्हनून बगितलं न्हाईस व्हय? दुधाला काय ठावं, घर कुनाचं हाय?" मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही बार्शीहून माझ्यासाठी घड्याळ आणलंत, पुरुषी, मोठ्या तबकडीचं, माझ्या मनगटावर ताटलीसारखं दिसणारं. कढई कधी उतरवायची ते बघायला, म्हणालात. पुढं कितीतरी वर्षं मी त्याच घड्याळावर तान्ह्या बाळांचे श्वास मोजले. तुम्ही समजूत काढायचात ती अशी, तोंडानं एक शब्द न बोलता. मार्चातल्या त्या दुपारी फॉर्म पुढ्यात घेऊन बसले तेव्हा मला तीच नासलेली कढई आठवली आणि लाज वाटली. वीस गावांच्या चुका काढणारी बाई घरचं म्हणून न बघताच सही करत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटी काढली आणि माहेर गाठलं. घरात गडबड होती. पुढची भिंत रंगवलेली, पलंगावर नव्या चादरी. तुमच्या नातीला रविवारी बघायला येणार होते. तुम्ही तिला पाहिलं नाही. तेवीस वर्षांची आहे, एम.एस्सी. करते आणि सुट्टीला आली की भट्टीवर दूध तपासायचं काम तिचंच. आई चुलीपाशी भाकरी थापत होती. पंच्याहत्तरी जवळ आली तरी तिला गॅसवरची भाकरी गोड लागत नाही. मी पाटही न घेता तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, "आई, त्येचा फॉर्म म्या बदलनार हाय. आण्णा कशानं गेले त्ये लिवनार हाय."

आईचा हात थांबला. "आयतवार होऊ दे," ती म्हणाली.

"आयतवार हाय म्हनून त्येची छाती थांबनार हाय व्हय?"

"पावणे लांबचे न्हाईत, परंड्याचे हायेत. कानोकानी जातंय. तुज्या टायमाला म्या गप बसले म्हनून तू सुखानं नांदायलीस. आता पोरीच्या टायमाला तू गप बस. दोन दिसाचा तर सवाल हाय."

"तवा त्ये लेकरू हुतं, तेरा वर्साचं. आज त्यो चव्वेचाळीसचा हाय. आण्णा सेहेचाळीसला गेले. दोन दिस तुज्याकडं असतील, त्येच्याकडं हायेत का त्ये म्या सांगू शकत न्हाय."

आईनं भाकरी परत थापायला घेतली, ती मधूनच फाटली, तिनं गोळा करून परत मळली. मला तिचा राग आला आणि त्याच वेळी तिची कीवही आली. तिनं नवरा गेला त्याच दिवशी लेकीचा विचार केला होता. त्या वेळी तिच्यापुढं दुसरं काही नव्हतं हे मला कळतं, पण मी ते पुढं चालवणार नव्हते. माझं ठरलं होतं.

मी बीपीचं मशीन आणि कोरा फॉर्म घेतला आणि सरळ भट्टीवर गेले. दहाचा सुमार. दूधवाले कॅन घेऊन ओळीनं बसले होते, सहा-सात जण. त्यांच्यासमोर नको असं क्षणभर वाटलं, मग वाटलं, त्यांच्यासमोरच हवं. एकट्यात गाठलं असतं तर त्यानं मला हसून वाटेला लावलं असतं. चारचौघांत थोरल्या बहिणीला गप बस म्हणायची त्याची टाप नाही, एवढं वळण तुम्ही लावून गेला आहात. मला बघून तो हसला. "काय आक्का, परीक्षा घ्यायला आलीस का काय?"

"व्हय. बस हितं. हात दे."

"कढई हाय की गं चढलेली."

एका दूधवाल्यानं उठून त्याच्या हातातलं उलथनं घेतलं. त्याला खुर्चीवर बसवलं, पाठ टेकवली, पाय जमिनीवर नीट ठेवायला लावले, पाच मिनिटं हलायचं नाही म्हटलं. तोवर फॉर्म. वय, तंबाखू, दारू. कंबरेला टेप लावली तेव्हा एक जण म्हणाला, "टेप पुरंल का बगा, न्हायतर बैलाचा कासरा आनतो." सगळे हसले, हाही हसला. मग मी शेवटचा प्रश्न विचारला, घरात कुणाला हार्टचा त्रास होता का.

"न्हाय. ठाव असून काय इचारतीस?"

"ठाव हाय म्हनूनच इचारतेय," मी म्हटलं. माझा आवाज जरा जास्तच मोठा निघाला. "आण्णा हार्टनं गेले. डॉक्टरनं सांगितलं हुतं. आई हुती, तात्या हुते, म्या दारात हुते. आज्जाबी तसाच गेला. धग लागली म्हनून आपन सगळ्यास्नी सांगितलं. त्ये खोटं हुतं."

उलथनं फिरवणाऱ्याचाही हात थांबला. तुमचा लेक पहिलं वाक्य काय बोलला माहीत आहे? "आक्का, परवा पावणे यायलेत." इतकी वर्षं मला का सांगितलं नाही, असं नाही. मी मरेन का, असंही नाही. पाहुणे येणार आहेत, एवढंच. मला त्याच्या तोंडून तात्या ऐकू आले आणि डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "तुजी पोरगी बिनबापाची झाली तर पावणे काय करनार हायेत?" कडू बोलले, माहीत आहे, पण त्या घडीला गोड बोलायला माझ्याकडं वेळ नव्हता. पट्टा दंडाला बांधला. वरचा आकडा एकशे सत्तरच्या पुढं गेला. पाच मिनिटांनी दुसऱ्या हातावर घेतला, तेवढाच. मी त्या प्रश्नापुढे 'हो' लिहिलं, दोन गुण मांडले. चाराचे सहा झाले. इतक्यात कढई करपायला लागली. तुमची नात दूध मोजायची काचेची नळी हातात घेऊन दारात उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. ती पुढं आली, कढई उतरवायला सांगितली आणि बापाला म्हणाली, "पप्पा, उठा, कपडे बदला. आत्या, गाडी कुनाची सांगू? पावण्यांना काय सांगायचं त्ये माजं मी सांगते."

धाराशिवला ईसीजी निघाला, तो बघून त्यांनी त्याच गाडीनं सोलापूरला पाठवलं. दोन रक्तवाहिन्या जवळजवळ बंद होत्या, त्यात स्टेंट बसवले. आता तो घरी आहे, गोळ्या घेतो, सकाळी ओढ्यापर्यंत चालून येतो आणि कॅन उचलायला गेला की भावजय त्याच्यावर ओरडते. परंड्याचे पाहुणे आले नाहीत. पोरीनं फोन करून स्वतः सगळं सांगितलं होतं, आज्ज्यापासून. चार दिवसांनी मधल्या माणसाचा निरोप आला की मुलगा एवढ्यात लग्नाचं नको म्हणतोय. पोरगी मला म्हणाली, "बरं झालं आत्या. नंतर कळलं असतं तर जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं." बोलताना ती खिडकीतून बाहेर बघत होती. मुलाचा फोटो तिनं फोनमध्ये ठेवला होता, मला आधी दोनदा दाखवलाही होता, कपाळ बरं आहे ना असं विचारून. तिला तो आवडला होता, आण्णा. आवडलेला असून तिनं खरं सांगितलं. त्या दिवसापासून मी त्या पोरीला मनातल्या मनात मान देते.

आई महिनाभर माझ्याशी बोलली नाही. मी जायचे, तिचे पाय चेपायचे, ती भिंतीकडं तोंड करून पडायची. मग एका सकाळी मी चहा ठेवत असताना मागून आवाज आला, "मिठाचं काय म्हनला डाक्टर?" मी सांगितलं, कमी करायचं, पापड-लोणचं बंद. मग ती म्हणाली, "तुज्या आण्णाला जेवताना दोन फोडी लोणचं लागायचं. म्याच वाढायची." एवढं बोलून ती रडली, मोठ्यानं, तुम्ही गेलात त्या दिवशी रडली होती तशी. मी तिला धरून बसले. त्यानंतर घरातली लोणच्याची बरणी तिनं स्वतःच्या हातानं शेजारणीला देऊन टाकली.

आणि मी तो प्रश्न बदलला. कागदावरचा नाही, तो बदलायचा मला अधिकार नाही. विचारायची पद्धत बदलली. ओट्यावर चार बायका बसलेल्या असताना 'घरात कुणाला आजार आहे का' असं विचारलं की सगळं गाव 'नाही' म्हणतं, कारण ज्याच्या-त्याच्या घरी एक पोरगी लग्नाची असते. म्हणून आता आशाताईंना सांगितलंय की आत जा, चुलीपाशी बसा, बाई एकटी असताना विचारा, आणि आजाराचं नाव काढूच नका. घरातलं कोण गेलं, किती वयाचं होतं, कसं गेलं, एवढंच विचारा. मग बायका बोलतात. सासरा पाणी पाजताना बांधावर बसला तो उठलाच नाही. दीर गॅसनं गेला, अडतिशीचा. भाऊ जेवून निजला तो सकाळी थंडच. हे सगळे आजवर आमच्या कागदावर 'नाही' होते. बैठकीत मी आधी तुमची गोष्ट सांगितली, नाव-गाव सांगून. एका आशाताईनं सगळ्यांदेखत पिशवीतून स्वतःचा फॉर्म काढला आणि खाडाखोड केली. त्या दिवशी भट्टीवर बसलेले दूधवालेही एकेक करून आले. टेपवरून थट्टा करणारा सगळ्यात आधी. "माज्या बापाचं बी गॅस म्हनूनच सांगत आलोय," म्हणाला, "बगा बरं एकदा." आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी आकडे बघून विचारलं, हे एकदम एवढे कसे वाढले? मी म्हटलं, साहेब, वाढले नाहीत, लोक आता सांगायला लागलेत. नोकरीची अजून काही वर्षं आहेत. माझ्या हद्दीतलं एक घर मी सोडणार नाही, कुणाला राग आला तर येऊ दे.

आता हे पत्र कसं झालं ते सांगते. परवा तुमचा लेक सोलापूरला दाखवायला गेला होता. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं की वडिलांना नेमका काय त्रास होता, किती दिवस आधीपासून होता, कुणाला माहीत आहे का. त्यानं मला फोन केला. "आक्का, तूच आण्णाच्या बरुबर भट्टीवर हुतीस. सगळं लिवून दे. त्या दिसाचं, आदल्या दिसांचं. काय बी सोडू नगंस." म्हणून मी कागद घेऊन बसले. लिहायचं होतं त्याला आणि वरती आपोआप लिहिलं गेलं 'आण्णा'. म्हटलं असू दे, हेच त्याला देऊ. आता वाचून बघितलं. तात्यांनी काय केलं ते लिहिलंय, आई काय म्हणाली ते लिहिलंय. एक गोष्ट मात्र मी सोडून दिली आहे.

डॉक्टर माजघरात यायच्या आधी, भट्टीपाशी तुमच्यावर वाकलेले असतानाच त्यांनी मान वर करून मला विचारलं होतं, "पोरी, तू यांच्याबरोबर कामाला असतेस ना? आधी कधी छातीत दुखायचं का? मधूनच बसायला लागायचे का?" आठ दिवस मी बघत होते. तुम्ही कॅन खाली ठेवायचात, छातीवर मूठ दाबायचात, 'जरा दम खातो' म्हणून ओट्यावर बसायचात आणि मग उठायचात. मी म्हटलं, "न्हाय." तात्यांनी तोवर काही ठरवलं नव्हतं. आईला तर शुद्धच नव्हती. मला कुणी काही शिकवलं नव्हतं, आण्णा. पंधरा दिवसांपूर्वी बघायला आलेल्या मुलानं माझ्या हातचं पाणी पिताना माझ्याकडं बघितलं होतं आणि मला तो आवडला होता. तुम्ही समोर पडलेले असताना माझ्या मनात आलं ते ती सोयरीक मोडेल हे. त्या एका शब्दामुळं डॉक्टरांना ठामपणे सांगता आलं नाही आणि तात्यांना बाहेर जाऊन जे म्हणायचं ते म्हणता आलं.

भावाला मी वेगळा कागद करून देते. आठ दिवसांचं सगळं लिहीन, कॅन, मूठ, ओट्यावरचं बसणं, कारण त्याच्या डॉक्टरांना ते हवं आहे. मला विचारलं होतं आणि मी नाही म्हटलं होतं, हे त्या कागदावर असणार नाही. गावासमोर ओरडून बोलले, पण हे त्याला सांगायची मला अजून भीती वाटते.